हिशेबाची वही : उसने ज्ञान आणि घरचे ज्ञान

मंगळवेढ्याच्या एस. टी. स्टँडबाहेर ओळीने उभ्या असणाऱ्या रिक्षांपैकी बऱ्याचशा रिक्षा, दामाजी चौकातून सुसाट जाणाऱ्या पल्सर मोटारसायकली आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने अजून पुसून-जपून ठेवलेली चेतक स्कूटर, ही सारी वाहने एकाच कंपनीची आहेत. ती म्हणजे पुण्याची बजाज ऑटो. या वाहनांवरून चहाच्या हॉटेलात विषय निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, "अहो, हे सगळे परदेशातून उचललेले. आपल्याकडे कोण शोध लावतो?" दुसरा छाती फुगवून म्हणतो, "शंभर टक्के देशी माल आहे हा!" आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी हा लेख.

नवा माल काढायचा तर कारखान्यापुढे दोन वाटा असतात. आपल्या माणसांना पगार देऊन, वर्षानुवर्षे खर्च करून, आपल्याच छपराखाली शोध लावायचा ही पहिली. ज्याला ते काम येते त्याच्याशी करार करून, पैसे मोजून, ज्ञान आणायचे ही दुसरी. पहिल्या वाटेला वेळ लागतो, पैसा लागतो आणि हाती काही लागेलच याची खात्री नसते. दुसरी वाट जवळची असते, पण करार संपला की हात रिकामे राहण्याची भीती असते.

हा प्रश्न मोठ्या कारखानदारांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचक म्हणतील. संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे. आपली मुले आय. टी. आय. करून चाकणला, वाळूजला, सोलापूरजवळच्या चिंचोळीला जातात. आपल्या भगिनी बचत गटात बसून माल तयार करतात. ज्ञान उसने घ्यावे की घरात तयार करावे, आणि उसने घेतले तर परत येताना बरोबर काय आणावे, हा हिशेब त्यांनाही मांडावा लागतो.

प्रथम आपल्या शिवारातलेच उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी आपण सारे खातो. तिच्यातली मालदांडी कोणा एका शास्त्रज्ञाने जन्माला घातलेली नाही. पिढ्यान् पिढ्या शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांनी चांगली कणसे वेगळी काढली, बियाण्यासाठी जपली, म्हणून ती टिकली. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राने या स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण दिला. रब्बी ज्वारीत तो आजही नावाजलेला आहे. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. येथे बियाणे आणि अनुभव शेतकऱ्याचा होता. मोजमाप, नोंद आणि तुलना केंद्राची होती. शेतकऱ्याने बियाणे जपलेच नसते तर केंद्राने निवड कशातून केली असती? आणि केंद्राने निवड केली नसती तर तो वाण इतक्या दूरवर कसा पोचला असता? घरचे आणि बाहेरचे ज्ञान असे एकमेकांना पुरे पडते.

आता कारखान्यात हे कसे घडते ते बजाजच्या उदाहरणावरून पाहू.

या कंपनीची सुरुवात १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. १९४८ पासून ती परदेशी स्कूटरी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. म्हणजे आरंभ व्यापाराचा होता. १९५९ मध्ये सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्यो कंपनीशी करार करून व्हेस्पा स्कूटर इथे तयार होऊ लागली. त्या काळात ड्रॉइंग इटलीचे, नाव इटलीचे, आणि ज्ञानाचा मोबदलाही इटलीकडे जाणार. चहाच्या हॉटेलातला पहिला पक्ष इथेच थांबतो आणि म्हणतो, "पाहा, उसनवारी!"

पण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून का होईना, माल आपल्या हाताने करू लागले की हात शिकू लागतो. पत्रा किती दाबला की चिरतो, साचा कसा बसवला की माप चुकत नाही, गिअरच्या दात्याला पाणी किती द्यायचे, कोणता सुटा भाग आपल्याकडच्या छोट्या कारखान्याकडून करून घेता येतो, या गोष्टी कोणत्याही कराराच्या कागदात पूर्णपणे लिहिलेल्या नसतात. त्या फिटर, टर्नर, वेल्डर, फोरमन यांच्या हातात आणि डोक्यात साठतात. १९७१ मध्ये पियाज्योशी असलेला करार संपला आणि तो पुढे चालू राहिला नाही. दशकभरात काही शिकले नसते तर कारखान्याला कुलूप लागले असते. तसे झाले नाही. १९७२ मध्ये चेतक बाजारात आली. तिचे रूप व्हेस्पाच्याच घराण्यातले होते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती बनवायला इटलीला विचारायची गरज उरली नव्हती.

यानंतरचा काळही विसरू नये. चेतकला इतकी मागणी होती, की नंबर लावून लोक दहा-दहा वर्षे थांबत. लग्नात जावयाला स्कूटर द्यायची म्हणून मुलगी शाळेत असतानाच नंबर लावणारे बाप त्या पिढीने पाहिले आहेत. दारात गिऱ्हाइकांची रांग असली की नवे काही करण्याची घाई कोणाला असते? स्कूटर वर्षानुवर्षे जवळपास तशीच राहिली. घरचे ज्ञान होते, पण त्याला धार लावली जात नव्हती. तेवढ्यात १९८५ मध्ये हिरो आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतली कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल आली आणि लोकांची पावले हळूहळू स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळू लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तर बाजाराचे चित्रच पालटले.

बजाजने पुन्हा बाहेरचा हात धरला. जपानच्या कावासाकीशी तांत्रिक सहकार्य झाले आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाज या जोडनावाची मोटारसायकल आली. या खेपेला मात्र उसने घेता घेता घरचा संशोधन विभागही वाढवण्यात आला. त्याचे फळ नोव्हेंबर २००१ मध्ये दिसले. ते म्हणजे पल्सर. तिचे इंजिन आणि जुळणी यांची जबाबदारी कंपनीने स्वतःच्या अभियंत्यांवर टाकली. रूप ठरवण्यासाठी ग्लिन केर या ब्रिटिश आरेखकाचे साहाय्य घेतले. म्हणजे ज्याला आपण अस्सल देशी म्हणतो त्या पल्सरमध्येही बाहेरचा हात आहे, पण गाडीचे काळीज घरचे आहे.

२००३ मध्ये पल्सरमध्ये दोन स्पार्क प्लगची पद्धत आली. ती समजायला सोपी आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका ठिणगीने पेटते. ठिणगी एकाच बाजूला पडली की जाळ दुसऱ्या बाजूपर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन बाजूंनी ठिणगी पडली की मिश्रण लवकर आणि नीट जळते. चुलीत दोन्हीकडून जाळ घातला की आधण लवकर येते, तसेच हे. लहान इंजिनातून अधिक ताकद मिळते आणि पेट्रोलही वाया जात नाही. दोन प्लगची कल्पना जगात अगदीच नवी नव्हती; ती छोट्या, स्वस्त मोटारसायकलीत नीट बसवणे हे काम होते. त्याचे पेटंट बजाजने घेतले. त्यावरून २००७ पासून टी. व्ही. एस. कंपनीशी वाद झाला, तो मद्रास उच्च न्यायालयातून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवला. घरचे ज्ञान झाले तरी ते कागदावर आपल्या नावे करावे लागते आणि सांभाळावेही लागते, हा त्यातला धडा.

पुढे तर पारडे फिरले. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत १४.५ टक्के भाग घेतला. केटीएमजवळ शर्यतीच्या गाड्यांचे ज्ञान आणि युरोपात नाव होते. बजाजजवळ कमी खर्चात मोठ्या संख्येने आणि चांगल्या दर्जाचा माल काढण्याचे ज्ञान होते. दोघांनी मिळून केलेल्या छोट्या ड्यूक गाड्या चाकणहून जगभर जाऊ लागल्या. ब्रिटनच्या ट्रायम्फशीही २०१७ मध्ये सहकार्य जाहीर झाले आणि २०२३ मध्ये चाकणला तयार झालेली चारशे सी. सी. ची ट्रायम्फ बाजारात आली. कावासाकीबरोबरचे भारतातले सहकार्य २०१७ मध्येच संपले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केटीएम कर्जात बुडाली, तेव्हा बजाजने पैसा उभा केला आणि २०२५ मध्ये तिचा ताबाच घेतला. जी कंपनी एके काळी इटलीचे ड्रॉइंग समोर ठेवून स्कूटर करीत होती, तिच्या हाती आज युरोपातली एक नामांकित कंपनी आहे.

येथे एक प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या ज्ञानावर दीर्घकाळ विसंबून राहिले तर काय बिघडते? हिरो होंडाचेच पाहा. तिच्या गाड्या देशात सर्वांत जास्त खपल्या आणि इंजिनाचे ज्ञान होंडाचे होते. व्यवहार म्हणून ते फायद्याचेच ठरले. परंतु डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळे होण्याचे ठरवले, तेव्हा हिरोला घरचा संशोधन विभाग मोठ्या प्रमाणावर उभारावा लागला. त्यांचे जयपूरजवळचे मोठे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. हिरो बुडाली नाही, आजही ती मोठी आहे, कारण तिच्याजवळ पैसा आणि गावोगाव पसरलेली दुकाने होती. ज्याच्याजवळ अशी शिदोरी नसते, त्याला मात्र करार संपल्याचा दिवस जड जातो.

आता वहीचे उजवे पान वाचून झाले, डावेही वाचले पाहिजे. स्कूटरचा काळ सरला आणि चेतकचे उत्पादन थांबले. २००७ च्या एप्रिलमध्ये बजाजने उत्तराखंडात पंतनगरला, जिथे करांची सवलत होती, नवा कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन बंद केले. ज्या आकुर्डीत कामगारांच्या हातांनी ते उसने ज्ञान घरचे केले, तिथलीच मशीन शांत झाली. कंपनीने एक ज्ञान सोडून दुसरे धरले. पण ज्याचा हात पंचवीस वर्षे स्कूटरवरच बसला होता, त्याने दुसरे ज्ञान कुठून आणायचे? २०२२ च्या जूनमध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. नाव तेच, जागा तीच, पण काम निराळे. तिथे बॅटरी, मोटार आणि संगणकी नियंत्रण यांचे शिक्षण लागते. नव्या शोधाचा नफा कंपनीच्या ताळेबंदात दिसतो. जुने कौशल्य निरुपयोगी झाल्याचा तोटा कामगाराच्या घरात दिसतो आणि तो कोणत्याच ताळेबंदात लिहिला जात नाही. म्हणून कंपनीने शिकत राहावे असे म्हणताना, कामगारालाही कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या खर्चाने नवे शिकवले पाहिजे, ही मागणी युनियनने पगारवाढीच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

करारात काय लिहिले आहे यावर सारे अवलंबून असते, हे दाखवणारे पुण्यातलेच आणखी एक उदाहरण आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ही लस तयार करणारी संस्था. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. लस हवी होती, पण तिथल्या गरीब देशांना डोसामागे अर्ध्या डॉलरपेक्षा अधिक परवडणार नव्हते. मोठ्या परदेशी कंपन्यांना त्या भावात रस नव्हता. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थांनी २००१ मध्ये एक योजना आखली. लस बनवण्याची एक महत्त्वाची पद्धत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेकडून आली, सुरुवातीचा कच्चा माल हॉलंडच्या कंपनीकडून आला, आणि ते शिकून घेऊन मोठ्या प्रमाणावर लस तयार केली सीरमने. भावाची अट सुरुवातीलाच ठरली होती. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासो या देशात लसीकरण सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत आफ्रिकेतल्या ३० कोटींहून अधिक लोकांना ती लस मिळाली. सीरमने सारा शोध एकटीने लावला नाही. पण तिच्याजवळ लस बनवण्याचा घरचा हात तयार नसता, तर बाहेरून आलेली ती पद्धत कागदावरच राहिली असती.

आता आपल्या घराकडे वळू.

आमच्या परिचयातला एक मुलगा फिटरचा कोर्स करून पुण्याकडच्या एका कारखान्यात 'ट्रेनी' म्हणून लागला. अकरा महिने एकाच जागी उभा राहून त्याने एकाच जातीचे बोल्ट आवळले. मुदत संपली, गेट पास काढून घेतला गेला, मुलगा गावी आला. गॅरेजच्या मेस्त्रीने विचारले, "इंजिन खोलता येतं का रे?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "नाही मेस्त्री, तेवढं कुणी दाखवलंच नाही." त्याच सुमारास गेलेला दुसरा मुलगा मात्र जेवणाच्या सुट्टीत जुन्या कामगाराजवळ बसे. ड्रॉइंग कसे वाचायचे, गेज कसे लावायचे, मशीन बिघडले तर आधी काय पाहायचे, हे त्याने विचारून विचारून वहीत उतरवले. त्याचीही मुदत संपली, पण तो रिकाम्या हाताने आला नाही. त्या वहीच्या जोरावर त्याला पुढची नोकरी मिळाली. पहिल्या मुलाचा यात दोष नव्हता. त्याला काय मागायचे तेच कोणी सांगितले नव्हते.

म्हणून मुलामुलींना कारखान्यात पाठवताना आई-वडिलांनी पगाराचा आकडा विचारावा, तसे आणखी तीन प्रश्न विचारावेत. ही जागा शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालची आहे काय? त्या कायद्यात लेखी करार असतो, विद्यावेतन असते, आणि परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. नुसत्या 'ट्रेनी' या शब्दाने यातले काहीच मिळत नाही. दुसरा प्रश्न, मुदतीत किती प्रकारची कामे फिरवून शिकवणार? तिसरा, मुदत संपल्यावर हातात कोणता कागद देणार?

भगिनींच्या बचत गटांनाही हाच हिशेब लागू आहे. समजा, एखादा गट ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. पुण्याचा व्यापारी येतो आणि म्हणतो, "ताई, माल तुम्ही करा, पाकीट आणि नाव माझे." लगेच नाही म्हणू नये आणि लगेच होही म्हणू नये. पाकीटबंद करण्याचे यंत्र, माल जास्त दिवस टिकवण्याची पद्धत, शहरातली दुकाने या गोष्टी त्याच्याकडे आहेत. त्या शिकून घ्याव्यात. पण भाकरीचे प्रमाण आणि चटणीची कृती लिहून देऊ नये. पाकिटावर कोपऱ्यात का होईना, गटाचे नाव छापायला लावावे आणि जमेल तेव्हा त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी करावी. कराराला तारीख असावी. आणि निम्मा माल तरी गटाच्या स्वतःच्या नावाने आपल्या बाजारात विकत राहावा, म्हणजे उद्या व्यापारी आला नाही तरी चूल बंद पडणार नाही.

सगळ्याचा गोषवारा असा. गिऱ्हाईक ज्या गुणासाठी आपल्या दारात येते, ते ज्ञान घरात ठेवावे. जे बाजारात कोणालाही मिळते, ते विकत घ्यावे. ते घरी करण्यात शक्ती घालवू नये. जे आपल्याला येत नाही पण उद्या लागणार आहे, ते जाणकाराबरोबर काम करून शिकावे, आणि शिकण्याची मुदत ठरवून घ्यावी. उसने घेण्यात कमीपणा नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या हत्याराला आणि पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांना तर दुसऱ्याकडून शिकण्यावाचून आरंभच नव्हता. उसने घेऊन दहा वर्षांनीही उसनेच राहिले, तर मात्र हिशेब चुकला असे समजावे.

पुढील लेखात शिकाऊ उमेदवारीच्या कराराचा कागद कसा वाचावा, ते कलमवार पाहू. ज्यांच्या घरी असा कागद आला असेल, त्यांनी तो जपून ठेवावा.